फी कोण भरतं? उप्सालातल्या एका सत्राचा हिशेब

पुण्यातल्या एका महाविद्यालयात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी ऑगस्टअखेर स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात दाखल होते. वर्गात तिच्या शेजारी नाशिकचा एक मुलगा बसतो. दोघांचे पासपोर्ट भारतीय, वर्ग एकच, शिकवणारे प्राध्यापकही तेच. मुलाच्या घरच्यांनी एका सत्राची फी म्हणून विद्यापीठाकडे 50 हजार क्रोनांच्या आसपास रक्कम भरली आहे. मुलीने उप्सालाला एक क्रोनाही दिलेला नाही. तिला शिष्यवृत्ती मिळालेली नाही की गुणवत्तेची सवलत नाही. आपल्या पुण्याच्या महाविद्यालयाची नेहमीची फी भरून ती इथे आली आहे, एवढंच. मग तिच्या शिकण्याचा खर्च उचलतं कोण?

परदेशी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या पालकांना हा फरक सहसा कुणी समजावून सांगत नाही. जाहिराती असतात त्या पूर्ण पदवीच्या, कारण एजंटांचं उत्पन्न तिथे आहे. एका सत्रासाठी जाणाऱ्या ‘एक्स्चेंज’ विद्यार्थ्याची वाट मात्र महाविद्यालयाच्या एखाद्या सूचनाफलकावर दोन ओळींत राहून जाते. ही वाट चालते कशी, हे उप्सालाच्या निमित्ताने नीट पाहू.

सावडीचा व्यवहार

नॉर्डिक देशांत, म्हणजे स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड आणि आइसलंड या पाच देशांत, उच्च शिक्षण बराच काळ सर्वांनाच मोफत होतं. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून या, प्रवेश मिळवा आणि फी न देता शिका. हे चित्र टप्प्याटप्प्याने बदललं. युरोपीय संघ आणि त्याच्याशी करारबद्ध देशांबाहेरच्या विद्यार्थ्यांना डेन्मार्कने 2006 मध्ये, स्वीडनने 2011 मध्ये, फिनलंडने 2017 मध्ये आणि नॉर्वेने 2023 मध्ये फी लागू केली. उप्सालात ती विषयानुसार सत्राला साधारण 50 हजार क्रोनांपासून सुरू होते, विज्ञानशाखेत बरीच जास्त असते. नाशिकचा मुलगा या नियमात येतो. एक्स्चेंजच्या करारातून आलेल्या विद्यार्थ्याला याच नियमातून सूट आहे.

त्यामागचा व्यवहार समजायला आपल्याकडची सावड आठवावी. पेरणीच्या किंवा काढणीच्या दिवसांत चार घरची माणसं आज एकाच्या रानात राबतात, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही; हिशेब असतो तो फेऱ्यांचा. ज्याने आपल्याकडे येऊन दोन दिवस काम केलं, त्याचे दोन दिवस फेडायचे. विद्यापीठांचा द्विपक्षीय करार असाच चालतो. पुण्याचं विद्यापीठ आणि उप्साला यांनी, समजा, दरवर्षी दोन-दोन विद्यार्थी पाठवायचं ठरवलं. उप्सालाचे दोघं पुण्यात येतात. परदेशी विद्यार्थ्यांकडून आपली विद्यापीठंही जास्त फी घेतात. ती या दोघांना माफ होते. बदल्यात पुण्याच्या दोघांना उप्सालात फी माफ. प्रत्येक विद्यार्थी स्वतःच्या विद्यापीठाचा विद्यार्थी राहतो, तिथली पटावरची नोंद कायम राहते. तिथे जी फी लागते ती भरायची. स्वीडिश विद्यार्थ्याला घरी फीच नसते, म्हणून तो काहीच भरत नाही. एका वर्गात एक खुर्ची रिकामी झाली आणि एक भरली, की व्यवहार पूर्ण.

हा हिशेब बहुतेक करारांत सत्रांमध्ये ठेवतात. पूर्ण वर्षाच्या दोन जागा म्हणजे एकेका सत्राच्या चार जागा, अशी मोड करता येते. एका वर्षी एका बाजूचे जास्त गेले तर पुढच्या एकदोन वर्षांत तोल साधायचा असतो. सलग काही वर्षं पारडं एकीकडेच झुकलेलं राहिलं, तर करार नूतनीकरणाला येतो तेव्हा जागा कमी होतात. हा मुद्दा लक्षात असू द्या, शेवटी तो पुन्हा लागणार आहे.

युरोपने ही देवघेव मोठ्या प्रमाणावर उभी केली ती 1987 मध्ये सुरू झालेल्या ‘इरॅस्मस’ कार्यक्रमातून. पहिल्या वर्षी 11 देशांतले सुमारे 3,200 विद्यार्थी गेले. पुढे त्याचं ‘इरॅस्मस प्लस’ झालं आणि भारतासारख्या युरोपबाहेरच्या देशांतल्या विद्यापीठांनाही त्यात वाव मिळाला. तुमच्या विद्यापीठाला असा प्रकल्प मंजूर झालेला असेल, तर फी माफीच्या जोडीला महिन्याचा निर्वाहभत्ता आणि प्रवासखर्चही मिळतो. साध्या द्विपक्षीय करारात हा भत्ता नसतो. महाविद्यालयात विचारताना ‘एक्स्चेंज आहे का?’ एवढ्यावर थांबू नये. तो कोणत्या प्रकारचा आहे, हेही विचारावं.

क्रेडिट म्हणजे कामाचे तास

खुर्चीची अदलाबदल झाली, पण शिकलेल्याचं काय? उप्सालात पूर्ण केलेला अभ्यासक्रम पुण्याच्या गुणपत्रिकेत कसा उतरवायचा? त्यासाठी दोन्हीकडे चालेल असं माप लागतं. युरोपात हे माप ‘ईसीटीएस क्रेडिट’ या नावाने ओळखलं जातं. वर्षभराच्या पूर्णवेळ अभ्यासाला 60 क्रेडिट, सत्राला 30. एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे 25 ते 30 तास. त्यात व्याख्यानं, वाचन, प्रयोगशाळा, निबंध लिहिणं, परीक्षेची तयारी असं सगळं धरतात. स्वीडनमध्ये हे आणखी सोपं करून सांगतात: 40 तासांचा एक आठवडा म्हणजे दीड क्रेडिट. साडेसात क्रेडिटचा अभ्यासक्रम पाहिला की तो पाच आठवडे पूर्णवेळ चालणार, हे आपोआप कळतं.

आपल्याकडेही आता तासांचाच हिशेब आहे. 2023 च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला 1,200 तास आणि 40 क्रेडिट धरले आहेत, म्हणजे एका क्रेडिटला 30 तास. म्हणून उप्सालातले 30 क्रेडिट म्हणजे आपल्याकडचे 30 नव्हेत. पूर्ण सत्राला पूर्ण सत्र असं लावलं, तर ते आपल्या 20 च्या जागी बसतात. 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मुळे क्रेडिट साठवून ठेवण्याची सोय झाली आहे, पण परदेशात मिळवलेले क्रेडिट त्यात आपोआप येऊन पडत नाहीत. ते मान्य करायचं की नाही, हे तुमच्या विद्यापीठाच्या हाती असतं.

म्हणून या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा कागद व्हिसाचा नाही. तो आहे ‘लर्निंग ॲग्रीमेंट’. उप्सालात मी हे तीन किंवा चार अभ्यासक्रम करणार, त्यांच्या बदल्यात इथले अमुक पेपर मला माफ होणार, असं त्यात लिहिलेलं असतं आणि विद्यार्थी, पुणे आणि उप्साला या तिघांच्या त्यावर सह्या असतात. गुणांचं रूपांतर कसं करायचं, हेही त्याच वेळी लेखी ठरवून घ्यावं. स्वीडनमध्ये अनेक विषयांत श्रेणी तीनच: अनुत्तीर्ण, उत्तीर्ण आणि विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण. अभियांत्रिकीत 3, 4, 5 अशी मापं आहेत. आपल्या दहा गुणांच्या पट्टीवर ‘उत्तीर्ण’ला किती द्यायचे, यावर मुलं परतल्यानंतर वाद सुरू झाला तर त्यात विद्यार्थ्याचंच नुकसान होतं. निघण्यापूर्वी सही असेल तर वादाला जागाच उरत नाही.

---

चौकट: अर्जाचा क्रम

सुरुवात स्वतःच्या महाविद्यालयापासून होते, परदेशी विद्यापीठाच्या संकेतस्थळापासून नाही. आधी महाविद्यालयातली अंतर्गत निवड. मग आपलं विद्यापीठ उप्सालाला नाव कळवतं, यालाच ‘नॉमिनेशन’ म्हणतात. त्यानंतरच विद्यार्थी स्वतः अर्ज भरतो आणि अभ्यासक्रम निवडतो. प्रवेशपत्र हाती आलं की निवास परवाना: भारतीय नागरिकाला तीन महिन्यांहून जास्त राहायचं असेल, तर स्वीडनच्या स्थलांतर खात्याचा परवाना निघण्याआधी मिळालेला असावा लागतो. त्यासाठी राहण्या-जेवण्याला पुरेसे पैसे खात्यावर दाखवावे लागतात. ही रक्कम दरवर्षी बदलते. अलीकडच्या वर्षांत ती महिन्याला दहा हजार क्रोनांहून थोडी जास्त होती, म्हणजे रुपयांत चलनाच्या दरानुसार ऐंशी हजार ते एक लाखाच्या घरात. परवान्याला काही महिने लागू शकतात. सप्टेंबरमध्ये जायचं असेल तर आदल्या वर्षीच्या दिवाळीत चौकशीला लागावं.

---

फी माफ असली तरी राहण्या-जेवण्याचा खर्च माफ नसतो, हे इथेच स्पष्ट सांगायला हवं. खोलीचं भाडं, जेवण, विमान, गरम कपडे हे सगळं घरून जातं. पूर्ण पदवीच्या तुलनेत ही रक्कम फार लहान आहे, तरीही मध्यमवर्गीय घराला ती जाणवेल इतकी मोठी आहेच.

दहाचा वर्ग सव्वादहाला का

उप्साला विद्यापीठ 1477 चं, नॉर्डिक देशांतलं सर्वांत जुनं. स्टॉकहोमच्या उत्तरेला सुमारे 70 किलोमीटरवर, रेल्वेने पाऊणएक तासावर हे शहर आहे. मधून फ्यूरिस नदी वाहते, काठावर 118 मीटरहून उंच मनोऱ्यांचं कॅथेड्रल. आपण रोज ज्या अंशांत तापमान सांगतो, ती मोजपट्टी याच विद्यापीठातल्या अँडर्स सेल्सियसने 1742 मध्ये मांडली. गंमत अशी की त्याच्या मूळ पट्टीत पाणी उकळायचं 0 वर आणि गोठायचं 100 वर; ती उलटवली गेली नंतर.

इथल्या वेळापत्रकात 10 ते 12 असा वर्ग दिसला तर तो सव्वादहाला सुरू होतो. याला ‘ॲकॅडमिक क्वार्टर’, विद्यापीठाची पंधरा मिनिटं म्हणतात. विद्यार्थ्यांकडे खिशातली घड्याळं नव्हती तेव्हा घंटा हीच वेळ होती. दहाचे टोले पडले की घरातून निघायचं आणि सव्वादहापर्यंत वर्गात पोचायचं. घड्याळं आली, मोबाइल आले, प्रथा राहिली. संध्याकाळी सहानंतरच्या कार्यक्रमांना तर अर्ध्या तासाची दुहेरी सवलत धरतात. मात्र वेळेपुढे ‘ठीक’ असं लिहिलेलं असेल, तर ठोक्याला हजर. परीक्षा त्यात मोडते. सवलत ठरलेली आहे म्हणूनच ती संपल्यावर आलेला माणूस उशिरा आलेला ठरतो. सोळाव्या मिनिटाला दार उघडणाऱ्याकडे सगळा वर्ग पाहतो.

आपल्या मुलांना याहून मोठा धक्का बसतो तो आठवड्याचं वेळापत्रक पाहून. बऱ्याच विषयांत एका वेळी एकच अभ्यासक्रम असतो आणि आठवड्याला जेमतेम तीन-चार व्याख्यानं. बाकीचे दिवस कोरे. पहिल्या आठवड्यात वाटतं, हे तर फारच सोपं आहे. पण 40 तासांचा हिशेब विसरायचा नाही. व्याख्यानाचे आठ तास वगळले तर उरलेले तीसएक तास वाचनाचे आहेत आणि ते वाचलेलं आहे असं गृहीत धरूनच पुढचं चर्चासत्र चालतं. पाच आठवड्यांनी परीक्षा, मग लगेच दुसरा विषय. सहा पेपर वर्षभर समांतर चालवून शेवटच्या महिन्यात जोर लावण्याची सवय इथे कामाला येत नाही, कारण पाच आठवड्यांत शेवटचा महिना म्हणजे जवळपास सगळा अभ्यासक्रमच.

लेखी परीक्षा अनेकदा चार-पाच तासांची. बाकावर ओळखपत्र, पेन आणि त्यांच्या शेजारी सँडविच, केळं, कॉफीचा थर्मास. खायला पूर्ण परवानगी असते. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असतो, म्हणजे तपासणाऱ्याला विद्यार्थी कोण ते कळत नाही. परीक्षेसाठी ठरलेल्या मुदतीत आधी नोंदणी करावी लागते. ती विसरलात तर बसायला मिळेलच असं नाही. नापास झाल्यास मात्र फारसं बिघडत नाही. स्वीडनच्या नियमानुसार परीक्षेच्या संधींवर मर्यादा घालायचीच असेल, तर किमान पाच संधी द्याव्या लागतात. अडचण एवढीच की फेरपरीक्षा होईपर्यंत एक्स्चेंजचा विद्यार्थी भारतात परतलेला असू शकतो.

घरी नेऊन लिहायच्या परीक्षाही खूप. चार प्रश्न, एक आठवडा, हवी ती पुस्तकं वापरा. इथे उतारे उचलणं किंवा मित्राशी मिळून उत्तर लिहिणं हा गंभीर गुन्हा मानतात. विद्यापीठाची शिस्तपालन समिती सहा महिन्यांपर्यंत निलंबित करू शकते. एका सत्रासाठी आलेल्याचं तेवढ्यात सगळं सत्र संपतं. आपल्याकडे ‘संदर्भ कसे द्यावेत’ हे पदवीपर्यंत नीट शिकवलेलं नसतं. माझ्या मते निघण्यापूर्वीच्या तयारीत इंग्रजी सुधारण्याइतकंच हेही शिकून घेणं गरजेचं आहे.

प्राध्यापकांना मात्र बिनदिक्कत पहिल्या नावाने हाक मारायची. ही प्रथा फार जुनी नाही. साठच्या दशकापर्यंत स्वीडनमध्येही हुद्द्याने आणि पदवीने बोलवायची रीत होती. 1967 मध्ये देशाच्या आरोग्य प्रशासनाचे प्रमुख झालेले ब्रूर रेक्सेड यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना आपण एकेरीत, नावाने हाक मारू असं जाहीर केलं आणि आधीच सुरू झालेल्या बदलाला मोठा जोर मिळाला. हे रेक्सेड त्याआधी उप्सालातच शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते.

क्रमांक नसलेला रहिवासी

स्वीडनमध्ये 1947 पासून प्रत्येक रहिवाशाला एक ओळख क्रमांक मिळतो. त्यात जन्मतारीख, तीन आकडे आणि शेवटी पडताळणीचा एक आकडा असतो. बँक खातं, दवाखाना, मोबाइलची जोडणी, दुकानाचं सवलत कार्ड, सगळीकडे हाच क्रमांक विचारतात. तो मिळण्यासाठी लोकसंख्या नोंदवहीत नाव लागतं आणि नोंदवहीत नाव लागायला किमान वर्षभर राहायचा मानस आणि तेवढा परवाना लागतो. एका सत्रासाठी आलेली पुण्याची मुलगी त्यात बसत नाही.

यातून पुढच्या अडचणी ओळीने येतात. क्रमांक नाही म्हणून तिकडचं बँक खातं उघडणं अवघड. खातं नाही म्हणून ‘बँकआयडी’ हे मोबाइलवरचं ओळखपत्र नाही. ते नाही म्हणून ‘स्विश’ नाही. मोबाइलवरून पैसे पाठवायची ही सोय तिथे घरोघरी वापरतात. रोख रक्कम दाखवावी तर अनेक दुकानं, कॅफे आणि बस ती घेत नाहीत. मग करायचं काय? भारतातून परदेशी व्यवहार चालू असलेली दोन कार्डं न्यायची, एक हरवलं तर दुसरं. दुकानात कार्ड सगळीकडे चालतं. अडतं ते माणसामाणसांतल्या व्यवहारात. जुनी सायकल विकणारा ‘स्विश कर’ म्हणतो. अशा वेळी वर्गातल्या स्वीडिश मैत्रिणीने पैसे द्यायचे आणि तिला तेवढ्याच किमतीचं काही घेऊन द्यायचं, असं चालतं.

दवाखान्याचीही तीच गोष्ट. वर्षाहून कमी राहणाऱ्याला तिथल्या रहिवाशांच्या दराने उपचार मिळत नाहीत. म्हणून एक्स्चेंजच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्टुडंट इन’ नावाचा सरकारी विमा आहे. तो स्वीडिश विद्यापीठाकडून मिळतो. त्याचं प्रमाणपत्र मागून घ्यावं आणि तो स्वीडनबाहेरच्या सहलींना कितपत लागू आहे, तेही वाचून ठेवावं.

एक स्वयंपाकघर, बारा खोल्या

उप्सालात घरांची टंचाई आहे. तिथले विद्यार्थी भाड्याच्या खोलीसाठी रांगेत नाव घालून दिवस मोजतात. जितके दिवस जास्त, तितकी खोली चांगली. बाहेरून आलेल्याकडे हे साठवलेले दिवस नसतात. म्हणून विद्यापीठाचं निवास कार्यालय अशा मुलांसाठी काही खोल्या राखून ठेवतं. अर्जाची मुदत चुकवायची नाही, एवढंच आपल्या हातात असतं.

शहराच्या पश्चिमेला फ्लोग्स्टा नावाची विद्यार्थ्यांची मोठी वसाहत आहे. उंच इमारती, प्रत्येक मजल्यावर लांब बोळ, बोळाच्या दोन्ही बाजूंना मिळून दहा-बारा खोल्या आणि सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर. फ्रीजमध्ये प्रत्येकाचा एक कप्पा, कपाटाचा एक खण, भिंतीवर सफाईच्या पाळ्यांचा तक्ता. रात्री दहाच्या ठोक्याला मुलं खिडक्या उघडून मोठ्याने ओरडतात. अभ्यासाचा ताण घालवायची ही प्रथा कित्येक वर्षांची आहे. पहिल्या रात्री घाबरून जाऊ नये.

तळघरात किंवा शेजारच्या इमारतीत कपडे धुण्याची खोली. तिच्या दाराशी अनेक ठिकाणी एक फळा असतो: उभ्या बाजूला तारखा, आडव्या बाजूला वेळा, प्रत्येक चौकोनात एक भोक. आपल्या खोलीचा क्रमांक कोरलेलं बोटाएवढं कुलूप हव्या त्या भोकात बसवून किल्ली फिरवायची. ती वेळ आपली. दुसरं कुणी ते कुलूप काढू शकत नाही आणि एकाच खोलीच्या नावावर दोन वेळा अडवताही येत नाहीत, कारण कुलूप एकच. वेळ संपायच्या आत यंत्र रिकामं करायचं, जाळीतला धाग्यांचा गोळा काढायचा, फरशी पुसायची. शेजाऱ्यांशी कुरबुर होते ती बहुधा याच खोलीवरून.

सामान भरताना एक नियम मराठी घरांत हमखास मोडला जातो. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खव्याची पोळी बाद. ताजी फळं, पालेभाज्या आणि कढीपत्त्यालाही रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. त्यातून सुटलेली फळं मोजकीच आहेत आणि त्यांत केळं, अननस, खजूर यांच्या जोडीला नारळ आहे. गोडा मसाला, मेतकूट, हिंग, डाळी यांना अडचण नाही. फोडणी देताना मात्र पंखा चालू ठेवून दार लावून घ्यावं. बोळातली धुराची घंटा फार लवकर वाजते.

तेरा नेशन

उप्सालाचं सामाजिक जीवन कॉलेजच्या वर्गात नाही, ‘नेशन’मध्ये आहे. सतराव्या शतकात दूरदूरच्या प्रांतांतून शिकायला आलेली मुलं आपापल्या मुलखाच्या मुलांसोबत एकत्र राहू-जेवू लागली. विद्यापीठाने आधी या टोळ्यांना बंदी केली, मग 1660 च्या दशकात मान्यता दिली आणि प्रत्येकीवर एक प्राध्यापक देखरेखीला नेमला. आज अशा 13 संस्था आहेत, नावं अजूनही प्रांतांची: स्टॉकहोम, कालमार, गॉटलंड, वॅर्मलंड. 2010 पर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याला सदस्य होणं सक्तीचं होतं. आता ऐच्छिक आहे आणि कोणीही कुठलंही नेशन निवडावं.

प्रत्येक नेशनची स्वतःची इमारत, वाचनालय, गायकवृंद, कॅफे, पब. हे सगळं चालवतात विद्यार्थीच. दुपारचं जेवण बाहेरच्या उपाहारगृहापेक्षा बरंच स्वस्त पडतं, कारण स्वयंपाकघरात उभी असलेली मुलंही सदस्यच असतात. आज तू भांडी घासलीस, उद्या मी वाढीन. नव्या मुलाने ओळखी वाढवण्यासाठी आठवड्यातून एक पाळी तिथे काम करावं, असं मी आवर्जून सांगेन. स्वीडिश मुलं बसमध्ये शेजारच्याशी बोलत नाहीत, वर्गातही अंतर राखून असतात. पण बरोबर कांदे चिरणाऱ्याशी तासाभरात बोलू लागतात.

30 एप्रिलला, वसंताच्या स्वागताला, सगळं शहर रस्त्यावर येतं. सकाळी विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेले तराफे फ्यूरिस नदीत लोटतात. दुपारी तीनला कॅरोलिना रेडिविवा या विद्यापीठ ग्रंथालयासमोर गर्दी जमते आणि एकाच वेळी हजारो पांढऱ्या टोप्या डोक्यावर चढतात. शरद सत्रात आलेल्यांना हे पाहायला मिळत नाही. पण वसंत सत्र जानेवारीच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत चालतं आणि त्यातच आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या परीक्षा येतात. त्यामुळे बहुतेक भारतीय मुलांना शरद सत्रच सोयीचं पडतं. तेही मध्य जानेवारीत संपतं. नाताळला घरी परतायचं असेल तर त्याआधी संपणारे अभ्यासक्रम निवडावेत.

पावणेतीनला संध्याकाळ

उप्साला जवळजवळ 60 अंश उत्तर अक्षांशावर आहे, मुंबई 19 वर. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे डिसेंबरात उत्तर गोलार्ध सूर्यापासून पाठमोरा होतो आणि जितकं उत्तरेला जावं तितका दिवस आखूड होत जातो. 21 डिसेंबरला मुंबईत अकरा तासांचा दिवस असतो. उप्सालात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेतीनच्या सुमारास मावळतो, जेमतेम सहा तास.

नुसता दिवस आखूड होत नाही, ऊनही पातळ होतं. त्या दिवशी भर दुपारी मुंबईत सूर्य क्षितिजापासून 47 अंश वर असतो, उप्सालात सात अंशांहूनही खाली. एवढ्या तिरक्या किरणांचा तोच झोत जमिनीच्या कितीतरी मोठ्या पट्ट्यावर पसरतो. भूमितीने मांडलं तर सपाट जमिनीच्या एका चौरस फुटावर पडणारा प्रकाश मुंबईच्या एक षष्ठांशाहूनही कमी भरतो. शिवाय तिरका किरण हवेच्या जास्त जाड थरातून येतो, म्हणजे आणखी घट. ढग असले तर विचारायलाच नको.

याचा परिणाम शरीरावर होतो. सकाळी डोळ्यांवर पडणारा उजेड मेंदूला झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचं स्रवण थांबवायला सांगतो. तो उजेडच नसला की दिवसभर पेंग, रात्री जाग, मन उदास. आपल्या सावळ्या त्वचेला ‘ड’ जीवनसत्त्व बनवायला जास्त ऊन लागतं आणि तिथे त्या महिन्यांत त्वचा ते जवळपास बनवतच नाही. स्वीडनमध्ये दुधात ‘ड’ जीवनसत्त्व मिसळणं कायद्याने बंधनकारक आहे. निघण्यापूर्वी रक्तातली पातळी तपासून घेऊन डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

उपाय तिथल्या लोकांकडूनच शिकावेत. दुपारी बारा ते एक काहीही झालं तरी बाहेर चालायला जायचं, बर्फ असलं तर उत्तमच, त्यावरून उजेड परत येतो. डिसेंबर लागला की घराघरांच्या खिडकीत सात दिव्यांची त्रिकोणी दीपमाळ उभी राहते, कागदी तारे लटकतात. 13 तारखेला लुसियाच्या मिरवणुकीत मुली डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालून गात येतात. सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा अंधारात कायद्याने लागतो, आणि कोटाला चमकणारी पट्टी लावणं शहाणपणाचं. आणि एकटं खोलीत बसून राहायचं नाही. सलग दोन आठवडे मन उभारी धरत नसेल तर विद्यापीठाचं विद्यार्थी आरोग्य केंद्र आहे, तिथे जाण्यात संकोच करू नये.

जागा वाढतात कशा

आता सुरुवातीला राखून ठेवलेला मुद्दा. आपल्याकडून जायला कायम रांग असते, तिकडून यायला तेवढी नसते. ज्या बाजूने कमी येतात, त्या बाजूवर कराराच्या जागा अडतात. म्हणजे पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या मुलीला उप्सालात जागा मिळेल का, हे बऱ्याच अंशी उप्सालाच्या मुलीला पुण्यात किंवा कोल्हापुरात राहावंसं वाटलं का, यावर ठरतं.

तिला नको कशामुळे वाटतं? सत्र सुरू होईपर्यंत वेळापत्रक ठरलेलं नसतं. इंग्रजीतून चालणाऱ्या पेपरांची यादी मिळत नाही. वसतिगृहाचा प्रश्न शेवटच्या दिवशी सुटतो. परत गेल्यावर गुणपत्रिका महिनोन्‌महिने येत नाही आणि तिचे क्रेडिट तिकडे अडकून पडतात. यातल्या एकाही गोष्टीला मोठा पैसा लागत नाही. अभ्यासक्रमांची यादी सहा महिने आधी जाहीर करणारा एक कारकून, वसतिगृहात राखलेल्या चार खोल्या, परीक्षेनंतर महिनाभरात सहीशिक्क्याची गुणपत्रिका, एवढ्यावर काम भागतं.

प्राचार्यांना, विभागप्रमुखांना आणि विद्यार्थी परिषदेला माझी विनंती आहे की करारावर सह्या झाल्याची बातमी छापून आणण्याच्या जोडीने येणाऱ्या परदेशी मुलांची ही सोय आधी लावावी. आणि ज्या घरांतल्या मुलांना जायचं आहे, त्यांनी गणपतीत किंवा दिवाळीत महाविद्यालयात आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला जेवायला बोलवावं. तो परत जाऊन आपल्या वर्गात जे सांगेल, त्यावर पुढच्या वर्षी किती जण इकडे येतात ते ठरतं, आणि तितक्याच जागा तुमच्या मुलांना तिकडे मिळतात.